व्हिलाखचे चार तास

म्युनिक, ४ ऑक्टोबर

बाबा,

तुमची वही माझ्याकडे आहे. हे आधीच सांगते, म्हणजे तुम्ही ती घरभर शोधणार नाही. त्सिल्का आत्याला ती चुलीपाशी सरपणाच्या पेटीत सापडली, जुन्या वर्तमानपत्रांच्या खाली. तिने टपालाने पाठवली आणि बरोबर चिठ्ठी घातली, "तुझा बाप आता कुठे जाणार नाही. निदान वही तरी फिरून येऊ दे."

म्हणून निघाले. रजा शिल्लक होती, रेल्वे कर्मचाऱ्यांच्या फुकट पासाची पुस्तिका डिसेंबरअखेर संपते, आणि तुमचा आराखडा आजवर कोणी तपासून पाहिलेला नाही. कारणं एवढीच आहेत.

वही तशीच आहे. निळा पुठ्ठा, चौकटीचा कागद, वर तुमच्या अक्षरात "निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष". दोन गाड्यांच्या मध्ये सिग्नलच्या पॅनलसमोर बसून तुम्ही या गाड्या जुळवायचात. मी शाळेतून यायचे तेव्हा तुम्ही म्हणायचात, "थांब, मी आत्ता कोलोनला आहे, हात मोकळा नाही." तुम्ही प्रत्यक्षात सीमेपलीकडच्या व्हिलाखच्या पुढे कधी गेला नाहीत, हे मला पासाच्या जुन्या पुस्तिका बघून फार उशिरा कळलं.

पहिल्या पानावर सगळ्या मार्गाचा तक्ता आहे: म्युनिक, झुरिक, कोलोन, हॅम्बुर्ग, प्राग, साल्झबुर्ग, व्हिलाख, घर. त्यापुढे दर प्रवासाचं एक पान. मी तक्ता वाचला आहे. बाकीची पानं त्या त्या दिवशीच वाचणार आहे. तपासणी क्रमाने करायची असते.

तक्त्यात एक चूक दिसली. परतीच्या दिवशी तुम्ही व्हिलाखला १२.२४ ला उतरता. घरच्या दिशेची गाडी १२.५३ ला आहे, त्याच फलाटावर समोर. तुम्ही ती सोडून १६.५३ ची धरली आहे. चार तास विनाकारण. बाकी सगळ्या वहीत तुम्ही नऊ मिनिटांपेक्षा जास्त वेळ कुठे वाया घालवलेला नाही, म्हणून नोंदवून ठेवते.

आजचा अहवाल: तुमची ८.२७ आता ९.१२ ला सुटते. बाकी सर्व ठीक.

साल्झबुर्गच्या पुढे कंडक्टर आला. पासात दर गाडीला एक चौकोन असतो, त्यात तारीख घालायची; आजचा कोरा होता. गाडी दिसली तेव्हा पेन पिशवीत तळाशी गेलं होतं.

"बाई, तारीख कुठे आहे?"

"घालतेच आहे."

"चढायच्या आधी घालायची असते. तुम्ही आमच्यातल्याच ना? मग मी काय शिकवायचं तुम्हाला?"

मी सांगितलं की आमच्या घरी गाडी दिसल्याशिवाय तारीख घालत नाहीत. शाईने घालायची, खोडता येत नाही, गाडी आली नाही तर चौकोन वाया.

"अच्छा! म्हणजे आमच्यावर भरवसाच नाही." तो हसला. "वडील सिग्नलवाले असणार. इंजिनवाला असता तर असं शिकवलं नसतं. ते का नाही आले?"

मी म्हटलं, गुडघे दुखतात.

तुमच्या गुडघ्यांना काही झालेलं नाही, हे मला माहीत आहे.

उत्तर यावं म्हणून लिहीत नाही. अहवाल कोणाला तरी द्यावा लागतो.

पोलोना


झुरिक, ६ ऑक्टोबर

बाबा,

आजची गाडी वेळेवर. ब्रेगेन्झला चार मिनिटं थांबेल असं तुम्ही लिहिलं होतंत, साडेतीन थांबली.

लिंडाऊला एक बाई चढल्या, सत्तरीच्या, बरोबर तपकिरी कुत्रा. माझ्या समोरची जागा रिकामी होती. त्यांनी विचारलं, "इथे कोणी आहे का?" मी नाही म्हटलं. त्यांनी कुत्र्याला बसवलं आणि स्वतः पलीकडे बसल्या.

कंडक्टरने माझा पास पाहिला, मग कुत्र्याचं तिकीट पाहिलं. बाई मला म्हणाल्या, "बघा, याने रीतसर तिकीट काढलंय आणि तुम्ही फुकट. तरी खिडकी तुम्हालाच."

"हवी तर त्याला देते."

"नको, त्याला बाहेर बघून मळमळतं. एकट्याच निघालात?"

"कामासाठी."

"काम म्हणजे काय? मघापासून दर स्टेशनवर घड्याळ बघून वहीत लिहिताय."

"तेच काम."

 त्यांनी अर्धं सफरचंद कापून दिलं.

आपण चौदा महिने बोललो नाही. कारण दोघांना माहीत आहे, पण मी ते एकदा माझ्या शब्दांत लिहिते. आजवर ते फक्त चौकशीच्या अहवालात आहे आणि तो मी लिहिलेला नाही.

जुलैची दुपार होती. रुळावर काही नसताना पॅनलवर "रूळ व्यापलेला" असा दिवा लागला. जुन्या तारा, असं होतं. अशा वेळी राखीव बटण दाबून मालगाडीला रस्ता द्यायचा असतो. तुम्ही सील तोडलंत आणि बटण दाबलंत. नंतर रूळ दुरुस्तीच्या गँगची ट्रॉली रुळावर चढली आणि मालगाडीने तिला धडक दिली. ट्रॉलीवरच्या व्हिन्कोचा डावा पाय घोट्यापासून गेला.

तुम्ही म्हणालात, बटण एकदाच दाबलं, तेही ट्रॉली चढायच्या आधी. ट्रॉलीवाल्यांनी चढताना फोन केला नाही. व्हिन्कोला काही आठवत नव्हतं. दुसरा म्हणत होता की फोन केला.

बटण दाबलं की आतल्या कपाटातला मोजणीचा आकडा एकाने पुढे जातो. तो मागे नेता येत नाही. तुमच्या कामाच्या मोठ्या वहीत, जिथे प्रत्येक वेळी हा आकडा लिहायचा असतो, आधीची नोंद ४१ ची होती, अपघाताच्या दिवशीची ४२ ची. कपाटात आकडा ४३ होता.

म्हणजे तुम्ही दोनदा दाबलं आणि एकदाच लिहिलं. दुसऱ्यांदा दाबलं ते ट्रॉली रुळावर असताना. असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि तुम्हाला वेळेआधी घरी बसवलं.

मी फक्त आकडा वाचला होता, बाबा. तंत्रज्ञ आकडा वाचतो, आकडा लिहीत नाही.

झुरिकच्या स्टेशनवर घड्याळाचा सेकंदकाटा बाराशी येऊन क्षणभर थांबतो. तुम्ही पान तीनवर लिहिलं आहे, "बघणे". पाहिलं. खरंच थांबतो.

पोलोना


कोलोन, ८ ऑक्टोबर

बाबा,

गाडी एकवीस मिनिटं उशिरा. नदीवरचा पूल तुम्ही सांगितलेल्या बाजूने दिसला नाही. डबे उलटे जोडले होते, म्हणून मी बसले होते त्या जागेवरून चर्चचे मनोरे आधी आणि पूल नंतर, असं झालं.

झुरिकहून लिहिलं त्यात एक वाक्य अपुरं होतं.

आकडा वाचायला मला कोणी सांगितलं नव्हतं. चौकशीवाले पहिल्या दिवशी येऊन गेले. त्यांनी मोठी वही पाहिली, पॅनल पाहिलं, कपाटाला कुलूप लावून गेले. ते पुन्हा उघडणार नव्हते. त्या भागाची तंत्रज्ञ मी, किल्ली माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःहून कपाट उघडलं. तुमचं म्हणणं आकड्याने सिद्ध होईल, अशी माझी खात्री होती. ४२ बघायला गेले होते.

४३ दिसल्यावर मी कपाट बंद करून घरी जाऊ शकले असते. तसं केलं नाही. पुन्हा वेळ आली तरी करणार नाही.

हे एवढंच. बाहेर पाऊस आहे. खोली सहाव्या मजल्यावर आहे आणि रेडिएटर ठोठावतो. मी आवाज मोजून बघितला, दर अकरा सेकंदांनी.

पोलोना


हॅम्बुर्ग, १० ऑक्टोबर

बाबा,

एक दिवस उशिरा पोचले. वादळात विजेच्या तारेवर झाड पडलं आणि काल कोलोनहून उत्तरेला एकही गाडी सुटली नाही. तुमच्या आराखड्यात हॅम्बुर्गला मोकळा दिवस होता, म्हणून पुढचं काही बिघडलं नाही. तो मोकळा दिवस तुम्ही बंदर बघायला ठेवला होता. बंदर बघितलं नाही.

काल फलाटावर एक डच जोडपं भेटलं. वाउटर आणि टिनेका. तो निवृत्त इंजिनचालक, म्हणजे पास आपल्यासारखाच. त्याने माझ्या हातातली पुस्तिका ओळखली आणि शेजारी येऊन बसला.

"चौकोन कोरा?"

"गाडीच आली नाही, तारीख कशी घालू?"

"ऐक!" टिनेका त्याच्यावर उखडली. "एवढ्याशा पोरीला कळतं. आणि हा! काल स्वयंपाकघरात बसून तारीख घालून मोकळा. आता गेला ना चौकोन? चाळीस वर्षं इंजिन चालवलंस आणि एवढी अक्कल नाही."

"इंजिनात बसणाऱ्याला गाडीची वाट बघायची सवय नसते गं."

"विनोद पुरे. उद्याचं तिकीट काढ आता."

वाउटर माझ्याकडे वळला. आवाज कमी केला, पण तिला ऐकू जाईल एवढाच. "तुला खरं सांगू का? ही घरातून निघत नाही. गॅस बंद आहे का बघते, मांजराला बघते, शेजारणीला किल्ली देते, किल्ली परत आणते. आकाशात ढग दिसला तर बॅग उघडून बसते. मग मी एक युक्ती काढली. आदल्या दिवशी शाईने तारीख घालून पुस्तिका टेबलावर ठेवायची. खोडता येत नाही ना! मग निघावंच लागतं."

"पण चौकोन वाया गेला."

"चौकोन गेला. घर तर सुटलं?"

टिनेकाने त्याच्या पाठीत बुक्की मारली आणि मला थर्मासमधली कॉफी दिली. आज सकाळी ते माझ्याच डब्यात होते, चार ओळी पुढे. सगळ्या वाटेत ती त्याला ओरडत होती. तो मधून मधून डोकं मागे काढून माझ्याकडे बघायचा आणि भुवया उडवायचा.

त्याची पद्धत चूक आहे. पासासंबंधीच्या नियमांत ती बसते, पण धोका विनाकारण घेतला जातो. मी त्याला तसं सांगितलंही. तरी हॅम्बुर्गपर्यंत मी दुसऱ्या कशाचा विचार केला नाही.

चौदा महिने मी तुमच्या फोनची वाट पाहिली. आत्या म्हणते, तुमचा फोनही खिडकीत चार्ज होऊन पडलेला असतो.

पोलोना


प्राग, १२ ऑक्टोबर

बाबा,

ड्रेसडेननंतर नदी डाव्या हाताला राहते, असं पान सहावर आहे. बरोबर. गाडी नदीच्या इतकी जवळून जाते की समोरच्या काठावर कपडे वाळत घालणाऱ्या बाईचा चेहरा दिसला. तिने मान वर केली नाही. रोजच्या गाड्या, ती कशाला बघेल.

आज नऊ दिवसांत पहिल्यांदा मी कोणाशी तरी आपल्या भाषेत बोलले. आत्याला फोन केला. तुम्ही तेव्हा अंगणात लाकडं फोडत होता, आवाज येत होता.

"काय खाल्लंस?"

"सूप."

"सूप म्हणजे खाणं नव्हे. इथे तुझा बाप सूप पितो, तिथे तू. एका साच्यातली दोघं. मी पाठवलेली पोतीत्सा संपली?"

"झुरिकलाच संपली."

"मग बरं. पावात अक्रोड जास्त घातले होते." मग म्हणाली, "पत्रं आली गं. दोन. मी फ्रिजवर ठेवली. तो म्हणाला, राहू दे तिथेच. सकाळी बघते तर दोन्ही उघडलेली, सुरीने, कड कशी सरळ. आता मांजर काही सुरी धरत नाही."

मी विचारलं, काही म्हणाले का?

"माझ्यावर ओरडला. वही तिच्याकडे गेलीच कशी म्हणून. म्हणे, ती जाळायची होती. मी म्हटलं, मग जाळायचीस! वर्ष झालं ती पेटीत आहे. दर खेपेला वरची लाकडं काढतोस, वही दिसली की पुन्हा कागदाखाली सारतोस. हे जाळणं झालं होय?"

"मग?"

"मग काय, गेला बाहेर. दारातून परत आला आणि म्हणाला, तिचा फोन आला तर सांग, शेवटचं पान वाचायची गरज नाही. तिथे काही नाहीये." आत्याने आवाज खाली आणला. "पोलोना, काही नाहीये तर सांगायला परत कशाला येतं माणूस?"

मला माहीत नाही, असं मी तिला सांगितलं. ते खरं आहे. शेवटच्या पानाची तारीख चौदा आहे आणि आज बारा आहे. वही पिशवीत आहे. पान उघडायला दोन सेकंद लागतील.

उघडलेलं नाही. पण गाळणारही नाही. तपासणीत पान गाळता येत नाही, बाबा, कोणी सांगितलं तरी.

लाकडं फोडण्याचा आवाज मी बोलणं संपल्यावरही थोडा वेळ ऐकला. आत्या फोन बंद करायला विसरली होती.

पोलोना


व्हिलाख, १४ ऑक्टोबर

बाबा,

१२.२४ ला उतरले. समोर १२.५३ उभी होती. दारं उघडी होती. मी ती सोडली, कारण तुमच्या तक्त्यात ती सोडायची आहे. ती गेल्यावर फलाट तीनवरच्या बाकावर बसून शेवटचं पान उघडलं.

पान इतरांसारखंच आहे. साल्झबुर्गची गाडी, डब्याचा क्रमांक, बोगद्याच्या आधी उजवीकडे काय बघायचं. त्याखाली हे आहे, जसंच्या तसं उतरवते:

"व्हिलाख १२.२४. थांबणे. पो. व्हिएन्नाहून १४.४६, फलाट ३. तिला भूक लागलेली असणार, स्टेशनबाहेर डावीकडे खाणावळ. दोघं मिळून १६.५३. दोन जागा, खिडकी, समोरासमोर."

म्हणजे ती चूक नव्हती.

तुम्ही हे पान लिहीत होता त्या हिवाळ्यात मी तुम्हाला सांगितलं होतं की पुढच्या वर्षी मला सहा महिने व्हिएन्नाला प्रशिक्षणाला पाठवणार आहेत. तुम्ही "बरं" म्हणालात आणि पुन्हा वहीत डोकं घातलंत. मला वाटलं, ऐकलंच नाही. नंतर ते प्रशिक्षण रद्द झालं. तुम्ही पान बदललं नाहीत.

आता समासाचं. मी हे शक्य तितकं सरळ लिहिते.

पानाच्या समासात, पेन्सिलने, आडवं लिहिलेलं आहे: "१४ डिसें. पो. आली आहे. पॅनलचा दिवा बदलला, राखीव बटण दाबून तपासलं. आकडा ४२. मोठ्या वहीत चढवायला तिला आठवण करणे."

तुम्ही आठवण केली नाहीत. बहुतेक १६.५३ च्या जागा शोधत होता.

मला ती दुपार आठवते. दिवा आठवतो, त्याची टोपी घट्ट बसली होती. तुम्ही दिलेला चहा आठवतो. बटण दाबलेलं आठवत नाही. पण दिवा बदलल्यावर मी बटण दाबून बघते. नेहमी. सील तोडते, दाबते, दिवा लागलेला बघते, माझ्या चिमट्याने नवं सील लावते, नोंद करते. त्या दिवशी माझ्या कामाच्या पुस्तकात "दिवा बदलला" एवढंच आहे. मी ते आत्ता फोनवर उघडून पाहिलं.

४१ वरून ४२ मी केला. ४२ वरून ४३ तुम्ही केलात, सात महिन्यांनी, एकदाच दाबून. नोंद नंतर लिहिलीत, तेव्हा माणूस खडीवर पडला होता. तुम्ही कपाट उघडून आकडा बघितला नाहीत, मोठ्या वहीतली शेवटची नोंद ४१ बघितलीत आणि पुढचा आकडा लिहिलात. तो नियमभंग आहे. पण खोटं नाही.

तुम्ही खरं बोलत होता.

चौकशीच्या खोलीत मी ४३ म्हटलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, राग. मग तुम्ही तोंड उघडलंत आणि मिटलंत. त्यानंतर शेवटपर्यंत काही बोलला नाहीत. साहेबांनी तीनदा विचारलं, "तुम्हाला काही सांगायचं आहे?" तुम्ही तीनदा नाही म्हणालात. मी समोर बसून मनात म्हणत होते, काहीतरी बोला.

तुम्हाला तेव्हाच आठवलं, हो ना? बोलला असतात तर बटण दाबून नोंद न करणारी तंत्रज्ञ मी ठरले असते. पॅनलला हात लावायचं प्रमाणपत्र त्याच दिवशी गेलं असतं. म्हणून तुम्ही आपलं नाव जाऊ दिलंत आणि वही सरपणात टाकलीत. पण जाळायला हात झाला नाही, कारण त्याच पानावर माझी १४.४६ होती.

हा माझा अंदाज आहे. चुकला असेल तर तुम्ही दुरुस्त करा. समोर बसून करा.

शिकाऊ लोकांना तुम्ही सांगायचात, "लिहिलं नाही, तर झालं नाही." म्हणून लिहिलं. चौकशी समितीच्या नावे दीड पान. दिवा, बटण, आकडा, तारीख, माझ्या कामाच्या पुस्तकात नसलेली नोंद. सोबत तुमच्या पानाची छायाप्रत. स्टेशनसमोरच्या टपाल कचेरीतून दोन वाजता रवाना केलं, नोंदणी करून. पावती या पत्रात ठेवली आहे. तुम्हाला विचारलं नाही. तुम्हीही मला विचारलं नव्हतं.

प्रमाणपत्राचं काय होईल ते समितीवाले कळवतील. ट्रॉलीवाल्यांच्या फोनचं काय ते त्यांना पुन्हा शोधावं लागेल. व्हिन्कोचा पाय यातल्या कशाने परत येणार नाही. हेही दीड पानात शेवटी लिहिलं. तांत्रिक नाही, पण लिहिलं.

मग १४.४६ ची वाट बघितली. व्हिएन्नाची गाडी वेळेवर आली, फलाट तीन, तुम्ही लिहिल्याप्रमाणे. बरीच माणसं उतरली. एक मुलगी सायकल उतरवत होती, तिचा बाप खालून चाक धरत होता आणि दोघं एकमेकांना "तू सोड", "तू सोड" म्हणत होते. पाच मिनिटांत फलाट रिकामा झाला. मी उभी होते. कोणाची वाट बघत होते ते सांगता येणार नाही. गाडीतून उतरायची ती मीच होते.

डावीकडची खाणावळ आहे. भूक लागली होती, तुम्ही लिहिल्याप्रमाणे. दोन जणांच्या टेबलावर बसवलं. वाढणाऱ्या बाईने विचारलं, "दुसरे येताहेत का?" मी म्हटलं, "त्यांना उशीर आहे."

"मग सूप देऊ की थांबताय?"

"सूप नको. खाणं द्या."

आत्याला सांगा.

आता १५.५० झाले आहेत. मी पुन्हा बाकावर आहे. हे पत्र टपालात टाकत नाही, हातात घेऊन येते. १६.५३, मग सीमेवर येसेनित्सेला बदलून आपली छोटी गाडी, आपल्या स्टेशनवर १८.३८. आत्याला हे फोनवर सांगितलं आणि तुम्हाला सांगायला लावलं. तिने दार उघडून अंगणात ओरडून सांगितलेलं मी ऐकलं. लाकडं फोडण्याचा आवाज थांबला.  मी एक मिनिट दहा सेकंद वाट बघितली आणि फोन ठेवला.

पासात ऑस्ट्रियाच्या पानावर पाच चौकोन असतात. तुमच्या आराखड्यात बरोबर पाचच लागतात. चार भरले, प्रत्येक वेळी गाडी डोळ्यांनी बघून. शेवटचा राहिला आहे.

गाडी सुटायला एक तास तीन मिनिटं आहेत. ती अजून कुठल्याही फलकावर नाही. बोगद्याच्या बाजूला ढग आहेत. तुम्ही स्टेशनवर याल की नाही, आलात तर बोलाल की नाही, मला माहीत नाही.

मी पेन काढलं आणि चौकोनात तारीख घातली. १४. १०. शाईने.

पोलोना